चिमी कुणाला चावत नव्हती

चिमी बोटाला रक्त येईपर्यंत चावली, तेव्हा सुवर्णाच्या मनात पहिल्यांदा सासूबाईंचं नाव आलं.

चिमी म्हणजे तिची बजी, मुठीएवढी हिरवी पोपटीण. अंबडच्या कंपनीतून सुवर्णा घरी आली की ती खांद्यावर बसून तिचे केस ओढायची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई, चंद्रभागाबाई, मातोरी गावाहून मखमलाबाद रोडच्या फ्लॅटवर राहायला आल्या, आणि थोड्याच दिवसांत चिमी बदलली. पिंजऱ्यातला कागद कुरतडून ती त्याचा चोथा करायची, सोडली तर फ्रिजमागच्या अंधारात घुसायची आणि सुवर्णाने हात पुढे केला की अंगावर यायची.

चंद्रभागाबाईंचा सारा जन्म झेंडूच्या शेतात गेला होता. आल्या दिवशीच त्या म्हणाल्या होत्या की पाखरू कोंडून ठेवणं पाप असतं. त्यानंतर सुवर्णासमोर त्यांनी पिंजऱ्याकडे कधी पाहिलंही नाही. पण संध्याकाळी पिंजऱ्याच्या दाराची कडी कधी उलटी लावलेली असायची. एकदा सासूबाईंच्या पदराला हिरवं पीस चिकटलेलं दिसलं. विचारल्यावर, वाऱ्याने उडालं असेल, म्हणून त्या आत निघून गेल्या.

सुवर्णाने नवऱ्याला, संतोषला सांगितलं की आई चिमीला मारतात, नाहीतर पळवून लावायला बघतात. संतोष म्हणाला, काहीतरीच. मग तिने त्यालाही न सांगता जुना मोबाइल शोकेसमध्ये रेकॉर्डिंग लावून ठेवला आणि कामावर गेली.

घरी येऊन बाथरूममध्ये तिने ते रेकॉर्डिंग पाहिलं. सासूबाईंनी आधी खिडक्या लावल्या, मग पिंजरा उघडला. चिमी स्वतःहून त्यांच्या मनगटावर आली. त्यांनी तिला मांडीवर घेतलं, गरम दुधात कुस्करलेली पोळी भरवली, पदराखाली झाकलं आणि पाठीवरून शेपटीपर्यंत हात फिरवत राहिल्या. मारणं नाही, ओरडणं नाही. मध्येच त्या चिमीला म्हणाल्या, "दिवसभर तुझ्याशीच बोलते बाई. दुसरं कोण हाय?"

सुवर्णाने रेकॉर्डिंग पुसून टाकलं. पण मग चिमी आपल्यालाच का चावते, हे कोडं सुटेना.

रविवारी ती चिमीला पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला निघाली, तर चंद्रभागाबाई काठी घेऊन दारात तयार. डॉक्टरांनी चिमीला तपासलं. हार्मोन्स वाढलेत, म्हणाले. ती घरटं करायच्या मनःस्थितीत आहे, म्हणून जागा राखते, चावते. अशात अंडं अडकलं तर जिवावर बेततं. हिला पाठीवर कोण कुरवाळतं? अंधारी, ऊबदार जागा मिळते का? मऊ, गरम खाणं?

"आई पाठीवरून हात फिरवतात," सुवर्णा बोलून गेली. "पदरात घेतात. दूध-पोळी भरवतात."

डॉक्टरांनी सांगितलं की फक्त डोक्याला हात लावा, पाठ कुरवाळणं, भरवणं पक्ष्याला जोडीदाराने केल्यासारखं वाटतं आणि मग तो दुसऱ्यांवर धावून जातो. दूध-पोळी बंद. फ्रिजमागची फट बुजवा, कागद काढा, पिंजऱ्याची मांडणी बदला, दिवेलागणीलाच पिंजरा झाका.

घरी आल्यावर खुर्चीत बसून चंद्रभागाबाईंनी विचारलं, "तुझ्यासमोर मी तिला कधी हात लावला नाय. तुला कसं कळलं?"

सुवर्णाला खोटं सुचलं नाही. मोबाइल ठेवल्याचं तिने सांगितलं.

"मी काय चोर हाय?"

"मला वाटलं, तुम्ही तिला मारता."

चंद्रभागाबाईंनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, तुझ्या वस्तूला हात लावलेला तुला चालायचा नाय. माझा कप तू वेगळा धुतेस."

गुडघ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशननंतर जंतुसंसर्गापासून जपा म्हटलं होतं, म्हणून सुवर्णा त्यांचा कप उकळत्या पाण्यातून काढायची. हे तिने सासूबाईंना कधी सांगितलंच नव्हतं. आता सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं की नाही, ते चेहऱ्यावर दिसलं नाही. त्या रात्री त्या जेवायला बाहेर आल्या नाहीत, संतोषने ताट आत नेऊन दिलं.

चिमी निवळायला काही आठवडे लागले. सुरुवातीला ती पदरासाठी जाळीवर चढून ओरडायची आणि चंद्रभागाबाई तोंड फिरवून बसायच्या. हळूहळू कागद कुरतडण्याची ओढ गेली, चावणं थांबलं. एका संध्याकाळी सुवर्णा कामावरून आली, तर सासूबाई पिंजऱ्याच्या उघड्या दारासमोर बसून एका बोटाने चिमीचं डोकं खाजवत होत्या. हात मागे न घेता त्या म्हणाल्या, "बस इथं. तुझ्याकडं येतीय का बघू."