ज्याला रोग लागत नाही

मित्रांनो, मी एक जुना, बुटका गुलाब आहे. उंची गुडघ्याएवढी. खरं सांगतो, आताशा फार थकायला होतं.

माझा जन्म रोपवाटिकेतला. तिथल्या माळ्याने दणकट रानगुलाबाच्या खोडावर माझं कलम केलं आणि कुंडीला चिठ्ठी अडकवली, 'याला रोग लागत नाही.' त्या चिठ्ठीने माझं वाटोळं केलं.

मला विकत घेतलं एका निवृत्त कंपाउंडरने. औषधं देण्यातच त्यांचा जन्म गेलेला. अंगणात आधीचे सात उंच गुलाब होते आणि सातही सदा आजारी. कुणाच्या पानांवर काळे ठिपके, कुणावर भुरी. सकाळचा चहा झाला की मालक फवारणीचा पंप घेऊन निघायचे, एकेकाचं पान उलटून बघायचे, आज कसं वाटतंय म्हणून विचारायचे. खत, पाणी, औषध, सगळे लाड त्या सातांचे. माझ्यापाशी आले की म्हणायचे, याला कुठली धाड भरणार! आणि पंप ठेवून द्यायचे. आता रोग लागत नाही म्हणजे तहानही लागत नाही, असं थोडंच आहे? पण सांगणार कुणाला?

मला जगवलं मालकीणबाईंनी. भाजी धुतलेलं पाणी त्या न चुकता माझ्या मुळाशी ओतायच्या, वाळकी फुलं नखाने खुडायच्या. तेवढ्यावर मी नऊ वर्षं फुललो. पाहुणे आले की मालक मलाच दाखवायचे आणि याचं काही करावं लागत नाही, असं ऐकवायचे. बाईंचंही ते असंच कौतुक करायचे, की हिने बेचाळीस वर्षांत एकदाही अंथरूण धरलं नाही. बाई तेव्हा आत चहा गाळत असायच्या.

गेल्या उन्हाळ्यात माझं पाणी थांबलं. भाजीचं पाणी मोरीतच जाऊ लागलं, बाहेर कुणी येईना. दोन दिवस, चार दिवस, पाच दिवस. कळ्यांनी माना टाकल्या, खालची पानं गळली. शेजारच्या आजारी मंडळींची विचारपूस मात्र रोज चालू होती. सहाव्या दिवशी बाई भिंतीला धरत धरत बाहेर आल्या, हातात पाण्याचं पातेलं. माझ्यापर्यंत काही त्या पोचल्या नाहीत. पायरीवरच मटकन बसल्या आणि पातेलं कलंडलं.

मालक पंप टाकून धावले. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

"अगं, ताप आहे तुला. कधीपासून?"

"सोमवारपासून."

"मग बोलली का नाहीस? मी घरातच असतो ना?"

"तुम्ही विचारलं नाही," बाई म्हणाल्या. "आधी त्याला पाणी घाला."

बाईंना आत निजवून, डॉक्टरांना निरोप धाडून मालक बादली घेऊन आले. सगळं पाणी त्यांनी माझ्या मुळाशी ओतलं. माझ्या दोन फांद्या गेल्या त्या गेल्याच. बाई उठल्या, पण उठायला महिना लागला.

मित्रांनो, आजारी झाड कुणालाही दिसतं. जे हिरवंगार आहे, त्याच्याही मातीत कधी बोट घालून बघा. तुमच्या घरातही असं एखादं माणूस असेल. त्याला आज विचारा. ते म्हणेल, मला काय झालंय? तरी लगेच उठून जाऊ नका.