नातं : मालक

मुरलीधर तुपसमुद्रे यांचा डावा पाय गेले सतरा दिवस बिनतक्रार ड्युटीवर होता. बाकीचे तुपसमुद्रे रेल्वेच्या दवाखान्यात, खिडकीशेजारच्या खाटेवर, सिकमध्ये होते. रेल्वेत माणूस आजारी पडत नाही. कुणी परगावी जावं तसा तो सिकमध्ये जातो आणि फिट सर्टिफिकेट घेऊन परत येतो. पाय मात्र सिकमध्ये गेलाच नव्हता.

करंजगाव रोड स्टेशनच्या पुढे लॉरीवरून रूळ उतरवताना एक रूळ सुटला आणि त्यांच्या गुडघ्याच्या वर येऊन बसला. डॉक्टर बेदरकरांनी पाय कापून वेगळा केला, बुटासकट ट्रेमध्ये ठेवला, हात धुतले आणि वळून पाहिलं, तर ट्रे रिकामा. त्यांनी केसपेपरवर लिहिलं, 'पाय गेला.' त्यात खोटं काहीच नव्हतं.

उरलेल्या मांडीची जखम मात्र भरेना. कडा काळ्या पडत चालल्या होत्या.

"हे इथं माझ्याच्यानं होणार नाही," बेदरकर म्हणाले. "मोठ्या हॉस्पिटलला हलवायला लागेल. आठ दिवसांच्या आत. नंतर हलवून उपयोग नाही."

"मग हलवा ना साहेब," मुरलीधररावांची बायको द्वारका म्हणाली.

"उपचाराचं कार्ड पाहिजे, आणि 'ड्युटीवर जायबंदी' असा कागद पाहिजे. तो आला की लगेच."

कागदाऐवजी वेल्फेअर इन्स्पेक्टर हरकुळकर आले. येताना अर्धा डझन केळी घेऊन आले, त्यामुळे बातमी वाईट आहे हे द्वारकेला आधीच कळलं.

"तुपसमुद्रे, कागद होत नाही," ते म्हणाले. "तुम्ही जायबंदी झालेलेच नाही आहात. मस्टरवर रोज हजर आहात."

"मी? मी तर इथं आहे."

"ते मला दिसतंय हो. पण मला दिसून काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरलीधरराव कुबड्या घेऊन, द्वारकेच्या खांद्यावर हात टाकून, रिक्षाने आपल्या गँगच्या टपरीवर गेले. ही टपरी रुळांच्या भरावाखाली, खड्ड्यात आहे. तिच्या खिडकीतून वर पाहिलं की रुळांवरून जाणाऱ्या माणसाचे फक्त बूट दिसतात. मुरलीधरराव चावीवाले. रूळ ज्या चाव्यांनी जखडलेले असतात त्या रोज आपल्या सहा किलोमीटरच्या बीटवर चालत तपासायच्या, ढिली दिसेल ती ठोकायची, हे त्यांचं काम. चावीवाला घरून थेट रुळावर जातो, टपरीत उतरत नाही. म्हणून मुकादम चाँदभाई छत्तीस वर्षं खिडकीत बसून बुटांवरून हजेरी लावत आले होते. बूट दिसला, की हजर. आजवर कधी चूक झाली नव्हती.

"चाँदभाई, मी सिकमध्ये असताना तुम्ही मला हजर कसं लावता?"

"या मुरलीभाऊ, बसा. वहिनी, तुम्ही पण बसा." चाँदभाईंनी मस्टर पुढे सरकवलं. "आता तुम्हीच सांगा. बूट तुमचा, टायमावर येतो. मी गैरहजर लावला, तर उद्या माझी चौकशी."

"एकच बूट येतो ना पण!"

"हजेरी एकच लावतो मी पण. दोन कुठं लावली?"

तेवढ्यात तो आला. खडीवर आधी टक असा आवाज झाला, मग पाय दिसला. तो उड्या मारत नव्हता. शेजारी दुसरा असल्यासारखा एक पाऊल सोडून एक पाऊल टाकत तो सरळ चालत होता. एका ढिल्या चावीशी थांबला, टाचेनं तिला तीन ठोके दिले आणि पुढे निघाला. प्रत्येक पावलाला मुरलीधररावांच्या मांडीखाली, जिथे आता काहीच नव्हतं तिथे, खडी टोचत होती.

"काम लई साफ आहे," चाँदभाई हळूच म्हणाले. "गेल्या पंधरवड्यात तुमच्या बीटमध्ये एक चावी ढिली नाही निघाली. खोटं कशाला बोलू भाऊ, आधी निघायच्या."

पाय खिडकीसमोर आला आणि थांबला. बुटाचं टोक सावकाश खाली, त्यांच्याकडे वळलं. द्वारकेनं नवऱ्याचा हात घट्ट धरला. मग टोक परत वळलं आणि पाय निघून गेला. चाँदभाईंनी त्या दिवसाच्या रकान्यात हजेरी लावली.

"मला ओळखलं त्यानं," मुरलीधरराव म्हणाले.

"ओळखणारच की," चाँदभाई म्हणाले. "तुमचाच तो. पण थांबला नाही बघा. ड्युटी म्हणजे ड्युटी."

तिथून ते थेट कार्मिक शाखेत गेले. खिडकीमागच्या कर्णेवार बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. अशा माणसांची भीती वाटते, कारण ऐकून झाल्यावर त्यांच्याकडे नियम तयार असतो.

"म्हणजे कर्मचारी ड्युटीवर आहे, आणि तुम्ही त्याचे उरलेले आहात."

"कर्मचारी मी आहे, बाई."

"मस्टरप्रमाणे नाही. पण घाबरू नका, उपचार मिळतील. कर्मचाऱ्यावर अवलंबून असणाऱ्यांनाही कार्ड मिळतं. त्यांना जायबंदीचा कागद लागत नाही." त्यांनी एक फॉर्म दिला. "हा भरा. आजच देते करून."

मुरलीधररावांनी खिडकीच्या फळीवर फॉर्म ठेवून तो भरला. 'कर्मचाऱ्याशी नातं' या रकान्यापाशी ते अडले. पायाशी माणसाचं काय नातं असतं? जखम ठणकत होती, आठातला एक दिवस संपत आला होता. त्यांनी विचार केला आणि मनाला पटलं ते लिहिलं : मालक.

कर्णेवार बाईंनी फॉर्म वाचला आणि चेहरा एकदम मऊ केला. "मालक. म्हणजे नवरा."

"नवरा नाही हो, मालक! पाय माझा आहे, म्हणून..."

"आमच्या घरी सासूबाई सासऱ्यांना मालकच म्हणायच्या. तुमच्याकडे काय म्हणतात?" त्यांनी द्वारकेला विचारलं.

"मालकच," द्वारका म्हणून गेली आणि लगेच तिनं तोंडावर पदर धरला. "अहो बाई, पण मग मी कोण?"

"तुम्हीही अवलंबून. एकाच कार्डावर दोघं बसता." शिक्का पडला. "आता पती-पत्नी म्हटल्यावर एकत्रीकरणाचा नियम आपोआप लागतो हां. दोघांना एका ठिकाणी ठेवायचं. अर्ज करावा लागत नाही."

"कोण दोघं?" मुरलीधररावांनी विचारलं.

बाई पुढच्या माणसाला बोलवत होत्या.

कार्ड घेऊन ते दवाखान्यात परतले. कार्डावर फोटोच्या जागी बूट होता. बेदरकरांनी कार्ड पाहून घेतलं आणि मोठ्या हॉस्पिटलला पत्र लिहायला घेतलं. द्वारकेनं पिशवी भरली. तिसऱ्या दिवशी दुपारी, पत्र रवाना व्हायच्या आधी, हरकुळकर आले. ह्या वेळी पेढे घेऊन.

"अभिनंदन! एकत्रीकरण मंजूर. बीटवर एका पायाची जागा रिकामी होती, तिथे तुमची बदली झाली. बाकीचं जागा निघेल तसं."

"बाकीचं म्हणजे?"

हरकुळकरांनी पेढ्याचा कागद घडी करून खिशात ठेवला. "बाकीचं म्हणजे बाकीचं."

दुपारी साडेतीनला उजवा पाय कार्यमुक्त झाला. दुखलं नाही. द्वारकेनं घोटा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. त्यानं आधी बोटं सोडवली, मग टाच, आणि तिच्या हातात पायमोजा ठेवून तो जमिनीवर उतरला. वॉर्डबॉयनं दार उघडून धरलं. सरकारी कर्मचारी ड्युटीवर निघाला की दार धरायचंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही हात गेले. पोट, पाठ, छाती एकाच आदेशात संध्याकाळच्या आत गेली. त्यांच्याबरोबर जखमही गेली. बेदरकर राऊंडला आले, त्यांनी केसपेपर चाळला आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

"फारच छान. काळी पडलेली जागा आता अजिबात दिसत नाही."

"साहेब, मोठ्या हॉस्पिटलचं पत्र..." मुरलीधरराव उशीवरून म्हणाले.

"कशासाठी? आता जे उरलंय त्यात अपंगत्व शून्य टक्के. डोकं धडधाकट आहे तुमचं." त्यांनी पत्र फाडलं, चार तुकडे केले, तुकडे खिशात ठेवले. "खाट मात्र छोटी करायला सांगतो. पेशंट वाढलेत."

खाट खरंच छोटी झाली. मग खाटेशेजारची भिंत जवळ आली, कारण पलीकडच्या खोलीला जागा हवी होती. मुरलीधररावांना आता खिडकी दिसत नव्हती. तीन बाजूंना चुन्याची भिंत, आणि चौथ्या बाजूला स्टुलावर बसलेली द्वारका. ती वाटीतून चमच्यानं पेज भरवत होती. पेज कुठे जात होती ते दोघांनाही माहीत नव्हतं. त्याबद्दल ते बोलत नव्हते.

"द्वारके, तू जाऊ नको हं कुठं."

"कुठं जाते मी? खुळे का काय तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्ही मला मालक म्हणून मिळालात, तुकड्यात नाही."

ते हसले. हसताना त्यांना जाणवलं की हसणं हनुवटीच्या खाली उतरतच नाही.

आठव्या दिवशी सकाळी अकरा वाजता तीन डॉक्टरांचं बोर्ड आलं. दाराबाहेर टेबल मांडलं. कोण सिकमध्ये आणि कोण फिट, याचा शेवटचा निकाल बोर्ड देतं. एकदा बोर्डासमोर 'इथं आहे' म्हटलं की कुणालाही नाही म्हणता येत नाही, हे मुरलीधररावांना माहीत होतं. रात्रभर त्यांनी तेवढे दोन शब्द घोकले होते.

"तुपसमुद्रे मुरलीधर!" बाहेरून पुकारा झाला.

"अहो, बोला ना," द्वारका कुजबुजली. "नाव घेतलं तुमचं."

त्यांनी तोंड उघडलं. जीभ जागेवर नव्हती. डोळ्यांना अजून जागा निघालेली नसावी, कारण त्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं.

"हजर आहे साहेब," दाराबाहेर त्यांचा आवाज म्हणाला. खणखणीत होता. असा तो त्यांच्या लग्नातही नव्हता. "मंडळी आतच राहिली वाटतं. अगं ए, चल लवकर, गाडीची वेळ झाली!"

पस्तीस वर्षं त्या आवाजाला ओ देत आलेली द्वारका स्टुलावरून उठली.

"आले हं," ती म्हणाली.

तिनं पदर सावरला, वाटी धुतली, चमचा पुसला आणि दोन्ही पिशवीत टाकले. दारात थांबून, काही विसरलं तर नाही ना म्हणून एकदा मागे वळून पाहिलं. तिची नजर खाटेवरून फिरली, उशीवरून फिरली, मुरलीधररावांच्या डोळ्यांवरूनही फिरली.

मग तिनं बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.