दिपमालेच्या हाताची हळद

सकाळी सव्वासातची एरंडोल-जळगाव बस फाट्यावर आली की दिपमाला बाजूला सरे आणि म्हणे, "खिडकी तू घे, सुली." सुलक्षणा खिडकीशी बसे आणि जळगाव येईपर्यंत धुमसत राही. वहिनी एकदा तरी भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या माणसाचा राग करणं सोपं असतं. दिपमाला जागा देई, डब्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी निम्मी करून देई, वर्गात पेन देई आणि शेवटी मॅडमची शाबासकी तेवढी स्वतः घेऊन जाई.

सुली एकोणीस वर्षांची. जळगावच्या कॉलेजात डिजिटल मीडियाचा नवा अभ्यासक्रम सुरू झाला, पहिल्याच वर्षी कॅमेरा, आवाज आणि एडिटिंग शिकवणार असं कळलं, तेव्हा तिनेच हट्ट धरून प्रवेश घेतला होता. फॉर्म तिने आणला, रुसली ती, दोन दिवस जेवली नाही ती. आणि ऐनवेळी तिची आई सुंदरबाई म्हणाली, एकटी पोर रोज जळगावला कशी जाईल?

"सुली एकली कशाले जाई?" तिचे वडील तोतारामआबा म्हणाले. "दिपमाला भी सोबत शिकी. घरमा बसीसन ती तरी काय करी?"

दिपमाला म्हणजे सुलीच्या थोरल्या भावाची, भूषणची बायको. धुळ्याची, शहरात वाढलेली, बारावी झालेली. दोन वर्षांपूर्वी भूषण कावीळ होऊन गेला तेव्हा ती बावीस वर्षांची होती. विधवा सुनेला कॉलेजात घातलं म्हणून गावाने आबांचं फार कौतुक केलं. कौतुक करायला हरकत नाही. पण आबांच्या मनाचा मोठेपणा बसफाट्यापर्यंतच जात असे. घरी हळदीकुंकू असलं, ओटी भरायची असली, की दिपमालेने न सांगता स्वयंपाकघरात जायचं, हा नियम होता तसाच होता. तो नियम आहे असं कोणी म्हणतही नसे. तिला समजतं, एवढंच म्हणत.

तर अशी ही सोबतीला आलेली वहिनी वर्गात पहिली निघाली.

पहिला सराव मेहरूण तलावावर होता. प्रत्येकाने तीन शॉट घ्यायचे, दुरून, मधून आणि जवळून. सुलीने मावळतीचा सूर्य घेतला, पाण्यात पडलेला, चांगला भगवा. आणखी अकरा जणांनीही तोच घेतला होता. दिपमालेने काठावरची उलटी घातलेली नाव घेतली. मग नावेला डांबर लावणारा माणूस. मग नुसती त्याची टाच, दगडावर घासून चिखल काढणारी. मोहिनी मॅडमनी तो शॉट तीनदा लावला. "कुठे थांबायचं ते हिला कळतं," त्या म्हणाल्या. "हे शिकवता येत नाही."

शिकवता येत नाही! सुलीच्या कानशिलाला आग लागली. मग आपण फी कशाची भरतोय? परतीच्या बसमध्ये तिने खिडकीबाहेर बघत वहिनीशी एक शब्द काढला नाही. दिपमाला मात्र खुशीत होती. भूषण गेल्यापासून तिला असं आपल्याशीच हसताना घरात कोणी पाहिलं नव्हतं. तेही सुलीने पाहिलं, आणि तेही तिला सोसलं नाही.

पुढचं काम जोडीने करायचं होतं. घरातला एक प्रसंग चित्रित करायचा, एकाने कॅमेरा सांभाळायचा, दुसऱ्याने आवाज. मॅडमनी कॅमेरा दिपमालेच्या हातात दिला आणि माईक सुलीच्या.

नेमकं चुलतबहीण ऋतिकाचं लग्न आलं. ऋतिकाची आई शेवंताबाई, म्हणजे सुलीची काकू, शिस्तीची बाई. हळदीच्या दिवशी कॅमेरा घेऊन दिपमाला मांडवात आलेली बघून ती थबकली. मग तिनेच तोड काढली.

"काढू द्या. कॅमेराना मांगे ती कोठे दिसस? फक्त हयदले हात लावाना नही."

दिसत नाही म्हणून चालते! दोन वर्षं ज्या बाईला कोणत्याही मंगल फोटोत येऊ दिलं नव्हतं, तिलाच फोटो काढायला उभं केलं, आणि यात काही विचित्र आहे असं मांडवात एकालाही वाटलं नाही. दिपमालेलाही वाटलं नसेल. ती तर गुडघ्यावर बसून, वाकून, पदर खोचून कामाला लागली होती. पाटावर बसलेल्या ऋतिकाच्या पापणीवरचा पिवळा ठिपका, हळद लावणाऱ्या म्हाताऱ्या हाताचं थरथरणं, कढईत पुऱ्या सोडताना मध्येच मांडवाकडे वळलेली एक मान. मागे बायका जमल्या आणि छोट्या पडद्यात डोकावू लागल्या.

"काय बाई नजर शे हिनी!" भागाबाई नावाची एक आत्या म्हणाली. "सुली, तू भी शिक जराशी हिनापासून."

बास. सुली हातात माईक धरून उभी होती, काठीला केसाळ बोंडूक लावलेला, आणि तिच्याकडे कोणीच बघत नव्हतं. माणसं तिची, बहीण तिची, अभ्यासक्रम तिने शोधलेला. कपाळ मोकळं असूनही या बाईकडे सगळ्यांनी बघावं?

त्याच वेळी एका सुवासिनीने ऋतिकाच्या गालाला हळद लावून हात झटकला. दोन थेंब उडाले. एक दिपमालेच्या बोटावर पडला. सुलीने तो उडताना पाहिला, पडतानाही पाहिला.

"काकू," ती मोठ्याने म्हणाली, "वहिनीना बोटले हयद कशी लागनी? वाटीमा हात घाला का तिनी?"

खोटं बोलली म्हणावं तर ती फक्त विचारत होती. आपल्याकडे असे प्रश्न विचारायला भारी सोपे असतात.

सगळ्या माना दिपमालेच्या बोटाकडे वळल्या. मग शेवंताबाईचा आवाज चढला. "मी सांगं व्हतं का नही? मनी पोरना संसारले दृष्ट लावाले उनी का तू?" हळदीची वाटी उकिरड्यावर रिकामी झाली. नवी हळद भिजवायला बायका धावल्या. वरपक्षाला कळलं तर काय, म्हणून सुंदरबाई रडू लागली. दिपमालेने कॅमेरा खुर्चीवर ठेवला आणि काही सांगण्यासाठी तोंड उघडलं, पण तिला बोलू कोण देतंय? पाटावरच्या ऋतिकाने मान वर केली आणि आईने डोळे वटारताच खाली घातली. तोतारामआबा मांडवाच्या खांबाशी उभे होते. सगळं गाव ज्यांना सुधारक म्हणे ते आबा जमिनीकडे बघत राहिले.

सुलीच्या पोटात गारगार वाटलं. किती महिन्यांनी!

लग्न पार पडलं आणि त्याच संध्याकाळी दिपमालेचं कॉलेज बंद झालं. "लोकेस्ना तोंडले कोन हात लाई?" एवढंच सुंदरबाई म्हणाली. कोणी ठराव केला नाही, कोणी शिक्षा सुनावली नाही. दुसऱ्या दिवशी सुली एकटीच बसफाट्यावर गेली.

आता सगळी बस तिची होती. वर्गात पहिलं यायला वाट मोकळी होती. मोहिनी मॅडमनी विचारलं तेव्हा तिने "घरी काम आहे" असं सांगितलं. आठ दिवस झाले. नवव्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "सोमवारपासून आली नाही तर दिपमालेला परीक्षेला बसता येणार नाही. हजेरी कमी पडते. वर्ष जाईल तिचं. सांग घरी."

वर्ष जाईल म्हणजे काय, हे सुलीला पक्कं ठाऊक होतं. त्या घरात एकदा उंबऱ्याच्या आत गेलेली विधवा पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरत नसते.

"सांगते," ती म्हणाली आणि एडिटिंगच्या खोलीत जाऊन बसली. हळदीचं चित्रण तिने उघडलं. दिपमालेचे शॉट एकामागून एक येत गेले. ते चांगले होते, जीव जळावा इतके चांगले होते. कुठे कापायचं हेही शॉटच सांगत होता. सुलीच्या मनात आलं, नाव दोघींचंच लागणार, मार्क मलाही मिळणार.

मग तिचा स्वतःचा आवाज आला. "काकू, वहिनीना बोटले हयद कशी लागनी?" चित्र हेलकावलं आणि तिरकं होऊन थांबलं. खुर्चीवर ठेवलेला कॅमेरा बंद करायचं दिपमालेला भान राहिलं नव्हतं. तो चालूच होता.

पडद्यावर शेवंताबाईचा हलणारा हात होता, खांबाशी मान खाली घातलेले आबा होते. मागे भिंतीशी दिपमाला पदराने एकच बोट पुसत होती, पुन्हा पुन्हा, हळद गेली तरी पुसत होती. आणि डाव्या बाजूला, माईक हातात घेऊन, सुली उभी होती. हसत होती. मोठ्याने नाही. फक्त ओठाचं एक टोक वर गेलेलं होतं, दुकानात हवी ती वस्तू स्वस्तात मिळाल्यावर जातं तसं.

सुलीने ते थांबवलं. पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा लावलं. एक बटण दाबलं की ते दहा सेकंद गेले असते आणि जगात कोणाला कळलं नसतं. तिचं बोट बटणावर होतं, आणि बराच वेळ होतं. मला वाटतं, इथे तिला चांगली ठरवायची घाई कोणी करू नये. तिने पुसलं नाही, याचं एक कारण असंही होतं की तो शॉट वहिनीच्या सगळ्या शॉटांत सरस होता आणि तो नुसता खुर्चीने काढला होता.

रविवारी दुपारी ऋतिका माहेरपणाला आली. लग्नाचा पिक्चर बघायचा म्हणून शेवंताबाई तिला घेऊन सुलीच्या घरी आली. सुलीने पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. आबा खाटेवर, आई खाली, काकू आणि ऋतिका सतरंजीवर. दिपमाला स्वयंपाकघरात चहा करत होती. ऋतिकाच्या पापणीवरचा ठिपका दिसला तसं शेवंताबाईने डोळ्यांना पदर लावला. "मनी पोर कितली साजरी दिसस!"

आणि मग खुर्चीवरचं चित्र आलं. शेवंताबाईचा पदर डोळ्यांवरून खाली आला. स्वतःचा आवाज इतका कर्कश असतो हे शेवंताबाईला बहुधा पहिल्यांदाच कळलं.

"हाई काढी टाक, सुली," ती म्हणाली. "मनं तोंड काढी टाक आठेन."

"काय काढू?" सुली म्हणाली. "वहिनीले आपन दोन वरीस पासून बठ्ठा फोटोमाईन काढतस. आते तुले काढू, मंग आबास्ले काढू, मंग माले काढू?"

सुंदरबाई पडद्याजवळ सरकली. "सुली... तू हासी ऱ्हायनी का तठे?"

"हो," सुली म्हणाली. "वहिनीनी वाटीमा हात घाला नव्हता. हयद उडनी व्हती. मी देखं व्हतं. तरी बोलनी."

"कसाले व माय?"

"ती मनापेक्षा चांगली शे म्हनीसन."

आबांनी चष्मा काढला. शेवंताबाईला मात्र सुटका झाल्यासारखं वाटलं. "मंग ते मिटनंच," ती म्हणाली. "तिनी हात घालाच नव्हता ते तिनी चूक काय?"

"आणि घातला असता, तर?"

स्वयंपाकघराच्या दारात दिपमाला उभी होती. चहाचा ट्रे तिने हातातच धरला होता. तिचा आवाज चढला नव्हता.

"घातला असता तर, काकू? ऋतिकाला मी लहान बहिणीसारखं मानते. मला तिला हळद लावायची होती. तेव्हाही होती. ती चूक झाली असती का?"

शेवंताबाईने उत्तरासाठी आबांकडे पाहिलं. आबांनी सुंदरबाईकडे पाहिलं. पिढ्यान्‌पिढ्या आपण हे असंच दुसऱ्याकडे बघत आलो आहोत. मत्सर सुलीचा होता, ते कबूलच. तो कोणत्या माणसाला नसतो? पण दुसऱ्या कुठल्या मुलीचा मत्सर केला असता तर सुली फार तर आठ दिवस अबोला धरू शकली असती. विधवेचा मत्सर केला म्हणून एका प्रश्नात तिचं आयुष्य उलथवता आलं. तो सुरा सुलीने घडवला नव्हता. या चार भिंतींनी तो धार लावून दाराशी टांगून ठेवला होता, ज्याला हवा त्याने उचलावा म्हणून.

ऋतिका उठली. "माले वहिनीनाच हात पाहिजे व्हता," ती रडत म्हणाली. "मी पाटवर बसेल व्हती. मी बोलनी नही." तिने ट्रे घेतला, खाली ठेवला आणि सर्वांसमोर दिपमालेच्या पाया पडली. शेवंताबाईने हात पुढे केला, अडवायला की काय कोण जाणे, आणि मग तो मागे घेतला.

"सोमवारले कालेज जाय, बेटा," आबा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"जाणार आहे," दिपमाला म्हणाली. "पण आबा, तुम्ही जा म्हणालात म्हणून जाईन आणि नको म्हणालात की थांबेन, असं आता होणार नाही. आणि घरात पुढच्या हळदीला मी स्वयंपाकघरात बसणार नाही. चालत नसेल तर आजच सांगा. धुळ्याला माझ्या आईकडे जाऊन शिकेन."

आबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी नुसती होकाराची मान हलवली. ही मान त्यांनी मांडवात हलवायला हवी होती, हे त्यांना कळत होतं.

सोमवारी बस आली तेव्हा दिपमाला पुढे चढली आणि खिडकीशी बसली. शेजारच्या जागेवर तिने पिशवी ठेवली. सुली मागच्या सीटवर जाऊन बसली. आदल्या रात्री तिने वहिनीची माफी मागितली होती, पण माफी मागितली की मिळतेच असं कोणी लिहून दिलेलं नाही.

वर्गात चित्रफीत लागली, पूर्ण, त्या दहा सेकंदांसकट. पुढची मुलं वळून बघू लागली. मोहिनी मॅडमनी दिवे लावले, सुलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कॅमेरा दिपमालेचा. वर्गात सर्वांत जास्त मार्क तिला."

सुलीच्या कानशिलाला पुन्हा आग लागली. तीच आग, तिळमात्र कमी नाही. ती दिपमालेच्या पाठीकडे बघत राहिली. मारायला आता हातात काहीच नव्हतं. हिच्या पुढे जायचं तर हिच्यापेक्षा चांगला शॉट घ्यावा लागणार होता.

तिने वही उघडली आणि मॅडमना विचारलं, "कॅमेरा मला कधी मिळेल?"