दुसरा रिमोट

आमच्या टीव्ही गेमला दोन रिमोट होते. पहिल्यावर स्टार्टचं बटण होतं, दुसऱ्यावर नव्हतं. ज्यानं कुणी ती वस्तू बनवली त्यानं ठरवूनच टाकलं होतं, की दुसऱ्या नंबरच्या माणसानं खेळ सुरू करायचा नाही आणि थांबवायचाही नाही. त्यानं नुसतं खेळायचं. आमच्या घरातली रीत त्याला तिकडं चीनमध्ये बसून कशी कळली कोण जाणे. दुसरा रिमोट कायम माझ्या हातात असायचा.

पहिला दादाचा. दादा म्हणजे जयराज, माझा थोरला भाऊ.

गेम वडिलांनी सेलमवरून आणला होता. आमचं गाव विट्याच्या पुढं. इकडच्या गावांत घरटी एक तरी माणूस गलाईत असतो. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवायचं, तेजाबात घालायचं आणि शुद्ध करून सराफाला परत द्यायचं. तमिळनाडू असो की बंगाल, जिथं सराफ बाजार आहे तिथल्या एखाद्या बोळात आमच्या गावचा माणूस भट्टीपुढं बसलेला सापडणारच. वर्षातून एकदा, चैत्रातल्या यात्रेला, सगळे गावी येतात. तेवढे दिवस बंगल्यांची कुलपं निघतात, संगमरवरी देवळापुढं गाड्या लागतात, पागोटी बांधली जातात. मग परत कुलपं. गावाच्या कमानीवर देणगीदारांची नावं सोनेरी अक्षरांत आहेत. ज्यांची फुफ्फुसं त्या धुरात गेली त्यांची नावं कुठं आहेत, हे मी एकदा ग्रामसभेत विचारलं होतं. तेव्हापासून मला कुणी ग्रामसभेचा निरोप देत नाही.

तर गेम. राखाडी डबा, वर कॅसेट घालायची खाच. रिमोट चौकोनी, त्याच्या कडा तळव्यात रुतायच्या. डाव्या अंगठ्याखाली अधिकच्या चिन्हासारखं काळं बटण, उजव्याखाली दोन लाल. नवं होतं तेव्हा लाल बटण दाबलं की टुक्क वाजायचं आणि वर यायचं. पुढं ते खाली गेलं की विचार करून वर यायला लागलं. कॅसेटच्या खोक्यावर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम असं छापलेलं, आत सगळे मिळून दहा-बारा, तेच तेच नाव बदलून. चालली नाही की काढायची, तिच्या तोंडात फुंकर मारायची, परत घालायची. आत हिरवी पाटी आणि तिला पिवळे चकचकीत दात. फुंकर मारताना ते दात दिसायचे. दादा म्हणायचा, थुंकी उडवू नको, गंजंल.

आमचा खेळ रणगाड्यांचा. त्याचा पिवळा, माझा हिरवा. तो पुढं जायचा, मी मागं राहून आमचं ठाणं राखायचं. मी हमखास आपल्याच ठाण्याच्या विटा फोडायची आणि त्याच्या शिव्या खायची. पण एक गोष्ट मी टीव्हीपेक्षा जास्त बघितली असेल, ती म्हणजे त्याचे हात. दादा खेळताना रिमोटकडं कधीही बघायचा नाही. मी सारखी खाली बघायची, बटण कुठलं, हे का ते. त्यावर तो मला एकदा म्हणाला होता, "मये, डोळं टीव्हीत ठेव. बटणं बघायचं काम अंगठ्याचं."

दादाची दहावी झाली आणि हरीअण्णा जीप घेऊन आले. अण्णा आमचे चुलते, सेलमचं दुकान त्यांचं आणि वडिलांचं भागीत. वडिलांचा खोकला वाढला होता, ते घरी बसले, त्यांच्या जागी दादा. याच्यावर चर्चा वगैरे काही झाली नाही. गलाईवाल्याच्या घरात पोराला विचारत नाहीत. पोरगं मोठं झालं की जीप येते. जाताना त्यानं दोन्ही रिमोटच्या वायरी नीट गुंडाळल्या आणि पहिला रिमोट माझ्या हातात दिला.

आता स्टार्टचं बटण माझं होतं. इतकी वर्षं मला तेच हवं होतं, आणि मिळालं तर हे असं. मी एकटीनं दोघांचा गेम लावायची. माझा रणगाडा आता पिवळा. हिरवा आपला कोपऱ्यात उभा, त्याला चालवायला कुणी नाही. चारी बाजूंनी गोळ्या यायच्या, आणि मी ठाणं सोडून त्या उभ्या रणगाड्याची राखण करायची. हरायची. परत स्टार्ट.

पुढच्या यात्रेला दादा आला. उंच झाला होता, मिसरूड फुटलं होतं. पिशवी भरून कॅसेटी आणल्या होत्या. मी हरखून एकेक काढली, तर सगळी नुसती खोकी. वर चित्रं, आत पाटी नाही, दात नाहीत. मला वाटलं चेष्टा करतोय. तो म्हणाला चित्रं बघायला आणल्यात, आणि दुसरीकडं बघायला लागला. खेळायला बस म्हटलं तर दमलोय म्हणाला. पुढच्या वर्षी डोळे दुखत होते. त्याच्या पुढच्या वर्षी लग्न ठरलं होतं, मग आता पोरखेळ बरा दिसतो का. नंतर मी विचारायचं सोडलं. हवं असणं मात्र सुटलं नाही. दहा माणसांत बसून जेवताना, पालखीपुढं चालताना मला सारखं वाटायचं, की हा माणूस एकदा माझ्या शेजारी मांडी घालून बसावा, आणि आमच्या दोघांची तोंडं टीव्हीकडं असावीत. एवढंच. भावाकडं बहिणीनं साडी मागायची असते. मी हे मागत होते आणि त्याला ते देता येत नव्हतं.

वडील गेले. टीव्ही गेला. गेमचा अडॅप्टर जळला, आईनं डबा माळ्यावर टाकला. मी शिकले, साताऱ्यात खोली घेतली. शिरवळच्या एका कारखान्यात कामाला लागले, कंपनीच्या बसनं जाते-येते. साच्यातून निघालेले प्लॅस्टिकचे भाग तपासायचं काम. दोन तुकडे जुळतात तिथं कड राहिली का, ते डोळ्यांना नाही दिसत, अंगठ्याला कळतं. दिवसभर अंगठा फिरवायचा. माझा पगार माझ्या अंगठ्यात आहे म्हटलं तरी चालेल.

गेल्या दिवाळीत मी प्लेस्टेशन घेतलं. तिशी ओलांडलेली, लग्न न केलेली बाई गेम घेते म्हटल्यावर खोलीवरच्या पोरींनी जे तोंड केलं ते केलं. मी खोकं उघडून आधी रिमोटच हातात घेतला. पांढरा, मधे काळा. कुठंही टोचत नाही. हात जिथं संपतो तिथं तो सुरू होतो. पाठीला इतकी बारीक खरखर, की मांजराची जीभ आठवली. सवयीनं जोड शोधला, अंगठ्याला सापडला नाही. जिनं कुणी तपासला असेल त्या बाईला मी मनातल्या मनात हात जोडले. मग दुसरा रिमोट घेतला, वेगळा विकत. कशासाठी, ते पोरींना सांगितलं नाही. या दुसऱ्यालाही सगळी बटणं होती.

यंदा चैत्रात ते खोकं मांडीवर घेऊन सातारा-विटा गाडीत बसले. कंडक्टरनं विचारलं, ताई, देव्हारा हाय का? व्हय म्हटलं.

यात्रेचे दिवस माणसांत गेले. दादा आता दुकानाचा शेठ. अंगावर सफारी, बोटांत अंगठ्या. एके सकाळी मोबाइलचं नवं कार्ड घ्यायला दोघं विट्याला गेलो. दुकानातलं पोरगं मशीन पुढं करतंय, दादा अंगठा ठेवतोय, मशीन नाही म्हणतंय. उजवा झाला, डावा झाला, बोटं पुसून झाली. पोरगं म्हणालं, काका, तुमचे ठसे घासून गेलेत. मग कार्ड माझ्या अंगठ्यावर घेतलं. येताना मी त्याला चिडवलं, की शेठ लोकांना अंगठा लागतच नाही, सही चालते. तो हसला आणि हात खिशात घातला. माझ्या तेव्हाही ध्यानात आलं नाही. दिवसभर अंगठ्यावर पोट भरणारी मी, आणि माझ्या ध्यानात आलं नाही.

निघायच्या दिवशी दुपारी घर रिकामं होतं. वहिनी पोरांना घेऊन माहेरी गेलेली, आई देवळात. अण्णा गाडीत सामान भरत होते. मी घरातल्या नव्या टीव्हीला वायरी लावल्या, दोन रिमोट पुढं ठेवले आणि दादाला हाक मारली.

तो दारातच थांबला. नको म्हणाला, आता न्हाई जमायचं.

"का न्हाई जमायचं? सोनं गाळून गाळून बोटं बी सोन्याची झाली व्हय? झिजत्यात?"

हे त्याला लागलं. आत आला आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसला.

मी गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला, पडदा अर्धा त्याचा, अर्धा माझा. गाड्या सुटल्या. माझी सरळ गेली. त्याची भिंतीला धडकली, मागं आली, परत धडकली. मला आधी वाटलं सवय गेलीय. मग मी टीव्ही सोडून त्याच्याकडं बघितलं. दादाची मान खाली होती. तो रिमोटकडं बघत होता. अंगठा उचलायचा, बटण बघायचा, अंगठा त्यावर ठेवायचा, मग वर बघायचा, तोवर गाडी कुठल्या कुठं. शाळेच्या पहिल्या दिवशी पोरगं पेन्सिल धरतं तसा रिमोट धरला होता. बोटांची टोकं पिवळी, चकचकीत, त्यांवर रेघच नाही.

"दादा, हाताकडं काय बघतोयस?"

"बटण कुठाय ते कळत न्हाई गं," तो म्हणाला. "टोकं मेल्यात. पहिल्या वर्षालाच."

मग हळूहळू सांगितलं, मान खालीच ठेवून. भट्टीतली मूस, सोनं वितळवायचं भांडं ते, आणि तेजाब. हातमोजे घातले तर अण्णा म्हणायचे, बायकी काम करू नको, मोज्यानं सोन्याचा कण वाया जातो. भाजून भाजून कातडं मेलं. त्या वर्षी मी खेळायला बस म्हटलं होतं, तेव्हा त्यानं माझ्याआधी गुपचूप रिमोट धरून बघितला होता. हातात नुसतं लाकूड धरल्यासारखं वाटलं. दहा वर्षांच्या पोरीला ते कसं सांगायचं.

"आणि ती खोकी?"

"दातांना सोन्याचा मुलामा असतोय न्हवं. मद्रासवरनं भंगाराची पोती यायची, त्यात आपल्यासारख्या कॅसेटी बी असायच्या. अण्णा म्हणायचं, उघडत काय बसतोस, सरळ जाळ. मी आधी उघडायचो. पाटी तेजाबात, खोकं माझ्यापाशी." "रणगाड्याची बी आली हुती, मये. ती बी मीच गाळली."

अण्णांना बाहेर जाऊन दोन शब्द ऐकवावेत असं फार आलं मनात, आणि ते मी एक दिवस ऐकवणार आहे, कमानीखाली उभी राहून, सगळ्यांदेखत. पण तेव्हा उठले असते तर तोही उठला असता. म्हणून बसून राहिले.

बोलण्याच्या नादात त्याचा अंगठा बटणावर तसाच दाबलेला राहिला होता. गाडी रस्ता सोडून कडेच्या दगडगोट्यांत शिरली. आणि दादा दचकला. रिमोट हातातून टाकणार होता.

"ह्यो थरथरला."

मी सांगितलं, की नवे रिमोट तसेच असतात. गाडी गोट्यांवरून गेली की हाताला ते कळतं.

"कळलं की मला," तो म्हणाला. "हितं." आणि तळव्याची मांसल बाजू दाखवली, अंगठ्याच्या मुळाखालची. तिथपर्यंत तेजाब पोचलेलं नव्हतं.

त्यानं परत गाडी गोट्यांत घातली. थरथर. रस्त्यावर आला, थरथर बंद. परत गोट्यांत. बारीक खडी वेगळी लागते, मोठे धोंडे वेगळे, हे त्याचं त्यालाच उमगलं. आता तो बटण बघत नव्हता. अंगठा जिथं होता तिथंच दाबून ठेवला होता आणि गाडी जाईल तिकडं जाऊ देत होता. डोळे टीव्हीत.

बाहेर अण्णांनी हॉर्न दिला. मग हाक आली, "जया, चल रं, उन्हं उतरायच्या आत कऱ्हाड गाठायचंय."

दादा जागचा हलला नाही. दाराकडं न बघताच म्हणाला, "आवं अण्णा, थांबा जरा. खेळतोय."

माझी गाडी शर्यत संपायच्या रेघेजवळ आली होती. मी ती वळवली, आलेल्या वाटेनं उलटी मागं आणली आणि त्याच्या गाडीशेजारी गोट्यांत घातली. माझाही रिमोट थरथरायला लागला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत दोघांना सांगत होते, की तुम्ही चुकीच्या दिशेनं जाताय.

हॉर्न परत वाजला, या खेपेला लांब. आताच्या दोन्ही रिमोटला थांबवायचं बटण आहे, दादाच्याही आणि माझ्याही. आम्ही कुणीच त्याला हात लावला नाही.