पाच लिटरला सत्तर

तिसऱ्या टप्प्यातल्या ओल्या खडकावर गाडी दोनदा फुरफुरली आणि बंद पडली. पंचाने पाच बोटं वर केली. ट्रायल्समध्ये वेगाला कुणी विचारत नाही. खडकांवरून, ओंडक्यांवरून पाय जमिनीला न टेकवता गाडी काढायची. पाय टेकला की एक दंडगुण, गाडी बंद पडली की पाच. त्या दिवशी तिचे हे चौथे पाच होते.

ती गाडी ढकलत बाजूला आली. प्लग काढला. काळा, ओला, तेलाने माखलेला. सायलेन्सरच्या तोंडातूनही काळा चिकट ओघळ आला होता. तिने दुसरा प्लग बसवला आणि किक मारली. पाय अक्षरशः भरून आले होते. आठवडाभर ती चष्म्याच्या कारखान्यात यंत्रापुढे उभी राहून काचा घासायची. सुट्टीचा हा एकच दिवस, आणि तोही असा प्लग पुसण्यात जात होता.

कारण तिला ठाऊक होतं. दोन महिन्यांपासून ठाऊक होतं. सांगायचं मात्र जिवावर आलं होतं.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं, आणि ते मिसळायचं काम सासऱ्यांचं. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने बाहेर; घरात ही दोघंच. सासरे पंप दुरुस्तीची नोकरी करून निवृत्त झालेले. तिला ही गाडी चालवायला त्यांनीच शिकवली होती. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ते शेडमध्ये चष्मा नाकावर ओढून बसायचे, पाच लिटरच्या डब्यात शंभर मिली तेल मोजून ओतायचे, झाकण लावून डबा बाळाला जोजवावं तसा हलवायचे. तेलही साधंसुधं नाही, रेसिंगचं, दुकानातलं सगळ्यात महागडं. "सूनबाई, तुझ्या गाडीला कमी पडू देणार नाही," म्हणायचे. आता या माणसाला काय बोलायचं?

म्हणून पुढच्या खेपेला तिने चोरून काम केलं. सासरे आंघोळीला गेल्यावर त्यांचं मिश्रण जुन्या पिंपात ओतून टाकलं आणि स्वतः कमी तेलाचं दुसरं बनवून डब्यात भरलं. पकडली गेली ती अर्ध्या तासात. सासऱ्यांनी डब्याचं झाकण उघडून नाक जवळ नेलं.

"हा माझ्या मापाचा वास नाही."

 त्यांनी झाकण लावलं, हात पुसले, आत गेले. नंतरचे पाच दिवस शेडकडे फिरकले नाहीत. जेवायला बसले की ताटाकडेच बघायचे. घरात दोनच माणसं, त्यात एकाने तोंड मिटलं की भिंतीसुद्धा अंगावर येतात.

सहाव्या दिवशी कामावरून आल्यावर तिने बूटही काढले नाहीत. दारातूनच म्हणाली, "बाबा, चला. तेल आणायचंय. तुम्ही असलात तर बरं."

"मला काय कळतंय त्यातलं?" सासरे म्हणाले, पण उठून चपला शोधू लागले.

दुकानदार बाई जाडजूड, दिवसभर बोलून घसा बसलेली. सासऱ्यांनी आपल्या तेलाची बाटली काउंटरवर ठेवली.

"गाडी कसली?" तिने विचारलं.

"ट्रायल्सची."

"आणि हे घालता? काका, हे भरधाव पळणाऱ्या गाड्यांचं. इंजिन चांगलं तापलं की जळतं. तुमची गाडी गोगलगायीसारखी चालणार, ती तापणार कधी? न जळलेलं सगळं प्लगवर बसतं. पाच लिटरला किती घालता?"

"शंभर."

"अहो, तळायचंय का इंजिन? हे घ्या, सिंथेटिक, कमी धुराचं. साठ पुरे."

सासऱ्यांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. त्यांनी जुनी बाटली उचलून पिशवीत टाकली. नवी सुनेने घेतली.

 परतताना ते म्हणाले, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुमचं मन दुखेल म्हणून."

"आणि आता काय, सुखावलं?"

तिला हसू आलं आणि रडूही. दोन्हीला अंगात त्राण नव्हतं. रस्त्याकडेच्या एका कट्ट्यावर ती मटकन बसली. सासरेही शेजारी टेकले.

"माझं इंजिन एकदा जाम झालं होतं," ते म्हणाले. "उतारावर. तेल घालायलाच विसरलो होतो. मागचं चाक जागच्या जागी अडकलं. मी इकडे, गाडी तिकडे. खांद्याचं हाड तीन ठिकाणी मोडलं. त्यानंतर बसलोच नाही गाडीवर." त्यांनी खांदा चोळला. "तू खडकावर चढतेस तेव्हा मला तोच उतार दिसतो, पोरी. म्हणून तेल ओतताना हात सैल सुटतो."

"माझ्याशी हे कधी बोलला नाहीत."

"तू तरी कुठे बोललीस?"

 दोघांनाही उठायचा कंटाळा आला म्हणून आणखी थोडा वेळ तशीच बसून राहिली.

घरी आल्यावर सासरे शेडमध्ये गेले. नवं तेल मापात ओतलं, साठच्या खुणेपर्यंत. मग तिच्याकडे न बघता आणखी एक धार सोडली. सत्तर झालं. दारात उभ्या असलेल्या तिने ते पाहिलं.

"बाबा."

"असू दे ग."

तिने असू दिलं.

पुढच्या स्पर्धेत गाडी दोनदा खोकली, पण बंद पडली नाही. एकोणीस जणांत तिचा नंबर अकरावा आला. प्लग काढून पाहिला तर आता काळा नव्हता; तपकिरी, जरासा ओलसर. तो दाखवायला ती गाडी आणलेल्या टेम्पोकडे गेली. सासरे पुढच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपले होते. तिने त्यांना उठवलं नाही. हेल्मेट काढून ती टेम्पोच्या पायरीवर बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली.