मागचं डावं चाक

नट अजून कोमट होता. माणिकप्पाच्या तळहातावर पडलेला, सहा कडांचा, तेलकट... लातूरच्या अवजारांच्या दुकानात दुकानदारानं लोखंडी पाटीवरचा तो नट बॅटरीच्या मशीननं आत्ताच खोलून दाखवला होता—टर्रर्र, आणि झालं. एवढ्यात तर आपला पानाही नटावर नीट बसत नाही. आधी गळ्यातलं इष्टलिंग पाठीवर टाकायचं, वाकताना चाकावर आपटू नये म्हणून; मग पाना, पान्यात पाइप, पाइपावर पाय, आणि सगळं अंग त्यावर सोडून द्यायचं. अंग होतं तोवर ठीक होतं.

"मामा, कुठं हाय तुमी? बगा की जरा."

सून बोलावत होती. स्वप्नाली. रविकिरण हैदराबादला कंपनीत लागला तेव्हापासून पिकअप तीच चालवते. निलंग्यात पहाटे भाजीचे कॅरेट भरायचे, लातूरच्या बाजारात उतरवायचे, आणि माणिकप्पा शेजारच्या सीटवर—वाटेत चाक बसलं तर बदलायला. असं कुणी ठरवलं नव्हतं, होत गेलं होतं. मल्लम्मा गेल्यानंतर घरात दिवस संपता संपत नव्हता. पहाटे तोंडावर पाणी मारून काचेमागं बसलं, कॅरेटमधल्या कोथिंबिरीचा वास मागून यायला लागला, की आपण कुठंतरी लागतो आहोत असं वाटायचं.

परवा लामजना पाटीजवळ मागचं डावं चाक बसलं. त्यानं हातानं पाइप दाबला आणि खांद्यात काहीतरी असं सरकलं, की तो रस्त्याच्या कडेला बसूनच राहिला. नट स्वप्नालीनं खोलले, ओढणी कमरेला बांधून, पाइपावर उभी राहून. आवळताना मात्र तो उठला—दे इकडं. एकदा पाय दिला, तेवढं पुरेसं होतं. मग दोन्ही पायांनी पाइपावर चढला, गाडीला धरून उडी मारली, आणि पुन्हा एक. नट करकरला. असं पाचही नटांना. चाक वाटेत निघू नये म्हणून... तेव्हा त्याला तसंच वाटलं होतं. का आपल्याशिवाय ते कुणाला उघडताच येऊ नये म्हणून?

गाडी सुरू करताना ती म्हणाली होती, "एक मशीन घिऊ आता. मग तुमाला पहाटं उठायचं काम न्हाई, निवांत पडा घरी." आणि हसत, "तुमच्या जागंवर दोन कॅरेट जास्तीचे बसत्याल बगा!" चेष्टाच ती. तोही हसला होता. पण दोन दिवस झाले, जेवताना, झोपताना, ते दोन कॅरेट त्याला दिसत होते, सीटवर एकावर एक, पट्ट्यानं बांधलेले.

"ही हलकी घ्या," दुकानदार रेवणसिद्ध सांगत होता, "बाईमानसाला बरी पडती."

"बाईमानूस गाडी हाणून आलंय हितवर, शेट. आमच्या गाडीचा नट खोलून दावा, मग बोला," स्वप्नाली म्हणाली.

रेवणसिद्ध हसत दोन्ही मशिनी घेऊन बाहेर आला. हलकी एका हातात, दुसरी, जड, काखेत. "कोन्त्या चाकाला लावू?"

"मामाला इचारा. चाकं त्यांच्या हाताखालची हायती."

दोघं त्याच्याकडे बघत उभे राहिले.

पुढची चाकं टायरवाल्यानं बसवलेली, बेतानं आवळलेली. हलकी मशीन ती सहज खोलेल, स्वप्नाली तीच घेईल. आणि मग एखाद्या पहाटे आपण अंथरुणात, ती रस्त्यावर—मशीन नुसती खडखडतेय, मागच्या डाव्या चाकाचा नट जागचा हलत नाही... मग फोन येईल. मामा, नट निघंनाच झालाय ओ. तो फोन त्यानं मनात ऐकला आणि तो गोड लागला. फार गोड. तो तसाच ऐकत राहिला, आणि मग तिच्या आवाजामागून ट्रक जायला लागले, एकामागून एक, तिच्या ओढणीला वारा देत, आणि ती चाकाशी वाकलेली, पाठ रस्त्याकडे...

"मागचं डावं," तो म्हणाला.

हलकी मशीन खडखडली, खडखडत राहिली. नट हलला नाही.

"कुणी आवळलंय ओ हे? भीमानं का?" रेवणसिद्ध घाम पुसत म्हणाला.

स्वप्नालीनं माणिकप्पाकडे पाहिलं. रेवणसिद्धनं जड मशीन लावली. क्षणभर तीही अडली, मग कट्-कट् करत नट सुटला. स्वप्नालीनं ती उचलून पाहिली, एका हातानं झेपेना, दोन हातांनी धरली. "हीच द्या," ती म्हणाली.

"थांबा, मशीननंच परत आवळून देतो."

"नगं," माणिकप्पा म्हणाला. "मशीननं नुस्तं टेकवा. शेवटचं हातानं." त्यानं सीटमागचा पाना काढून सुनेला दिला. तिनं पाय दिला.

"बस."

"येवढंच? परवा तर तुमी उड्या मारत होता!"

"बस म्हनलं न्हवं. बाकीचे चार बी मशीननं एकेक सैल कर, अन् असेच आवळ."

तिनं केलं. सावकाश, एकेक. प्रत्येक नटाला तो बस म्हणत होता, आणि शेवटच्याला त्यानं म्हणण्याआधीच तिनं पाय काढून घेतला.

परतताना मशीनची पेटी दोघांच्या मधे होती. वळणावर ती सरकायची आणि त्याच्या मांडीला लागायची. औसा गेलं. उद्या पहाटे त्यानं यायचं का नाही, ते तिनं अजून काढलं नव्हतं. कदाचित लामजना पाटीपाशी बोलेल, कदाचित घरी गेल्यावर, भाकरी वाढताना... एरवी खांदा दुखला की तो खिडकीकडे तोंड करून, तिला दिसणार नाही असा चोळायचा. आता डावा हात आपोआप तिथं गेला. उजव्या हाताची मूठ अजून मिटलेलीच होती, दुकानातला नट तिच्यात राहून गेलेला, गार पडलेला. तो त्यानं पेटीवर ठेवला, आणि तिच्यादेखत, समोरच्या रस्त्याकडे बघत, खांदा चोळत राहिला.