औषधाच्या रांगेतला पेला

मी एक जुना स्टीलचा पेला आहे आणि जात्याच भित्रा आहे. मित्रांनो, पेल्याला कसली आली भीती, असं म्हणून हसू नका. मी राहतो तिथं दुसरं काही पिकत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तुरुंगाच्या दवाखान्यात, औषधाच्या टेबलावर माझा मुक्काम आहे. तुरुंगाचं नाव विचाराल तर सांगणार नाही, कारण सांगायलाही मला भीती वाटते.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण नाव मिळालं दिग्रसच्या बाजारात. तिथल्या एका व्यापाऱ्यानं आईच्या वर्षश्राद्धाला आमचा अख्खा खोका विकत घेतला आणि मशीनच्या सुईनं प्रत्येकाच्या अंगावर कोरून घेतलं, 'कै. तुळसाबाई यांच्या स्मरणार्थ'. सुई कर्रकर्र फिरली तेव्हा मी पहिल्यांदा थरथरलो. माझी काही भावंडं शाळेत गेली, काही देवळात गेली. माझ्या वाट्याला तुरुंग आला. आल्या आल्या एका कैद्यानं मला हातात धरून मोठ्यानं वाचलं, "कैदी तुळसाबाई!" कैलासवासीचं 'कै.' इथं कैदीचंच होणार, दुसरं काय? पुढं मला कोणी पळवू नये म्हणून माझ्या काठाजवळ भोक पाडलं, त्यात साखळी घातली आणि ती टेबलाच्या पायाला बांधली. गुन्हा न करता अडकलेले माझ्यासारखे आणखीही असतील म्हणा.

नवा होतो तेव्हा माझं फार कौतुक होतं. जुबैदा सिस्टर मला घासून असं लख्ख करायच्या की कैदी माझ्यात तोंड बघून केस सारखे करायचे. मग मला पोचे पडले, कामाचा पसारा वाढला आणि घासणं राहून जाऊ लागलं. काम मात्र सुटलं नाही. सकाळी बराकीतून रांग येते. कोणाला साखरेची गोळी, कोणाला टीबीची, कोणाला फिटची, कोणाला मनाच्या आजाराची. गोळी जिभेवर ठेवायची, मला उचलून वरून पाणी ओतायचं आणि शिपाई बाबूसिंगसमोर तोंड उघडायचं.

"आऽ कर! जीभ वर!" बाबूसिंग ओरडला की माझ्यातलं पाणीसुद्धा हलायचं. गोळी खरंच पोटात गेली की नाही, हे पाहायचं त्याचं काम. त्याच्या मिशीला रांगेतले सगळे भीत. सगळ्यात जास्त भीत असे हरिसिंग.

हरिसिंग दिग्रसकडच्या एका बंजारा तांड्यातला शेतकरी. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या भांडणात पकडून आणलेला, खटला अजून सुरू व्हायचा होता. त्याला झोप लागत नसे. भिंतीपलीकडून कोणीतरी आपल्याला हाक मारतंय, असं त्याला वाटे. "जीव घाबरते, सिस्टर," एवढंच तो सांगू शके. तुरुंगात कोणाचा जीव घाबरत नाही, असं म्हणून बाकीचे हसायचे. पण मनाच्या आजाराचे डॉक्टर आले तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी त्याला जवळ बसवून ऐकून घेतलं आणि गोळी लिहून दिली.

आणि मित्रांनो, ती गोळी हरिसिंग गिळतच नव्हता. तो ती जिभेनं गालाच्या आत सरकवायचा, तोंड उघडायचा आणि बाहेर पडताच लिंबाच्या झाडाखाली थुंकायचा. मी रोज त्याच्या तोंडावर ओणवा होत होतो, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. बाबूसिंगला दिसत नव्हतं. त्याला दिसावं असंही मला वाटे आणि दिसू नये असंही वाटे. हरिसिंग वाळत चालला होता. मी त्याच्या हातात सरळ राहत नसे, पाणी छातीवर सांडायचं. हा माणूस एक दिवस स्वतःचंच काहीतरी करून घेईल, या विचारानं मी गार पडायचो. ओरडावं म्हटलं तर पेल्याला तोंड आहे, पण जीभ नाही.

एका सकाळी पाणी ओतता ओतता त्याला ठसका लागला. मी तोंडाजवळच होतो. गालातली गोळी उडाली आणि ठणकन माझ्यात येऊन पडली.

शाम नावाचा दुसरा शिपाई दारात उभा होता. तो खो खो हसला. "सापडला रे सापडला! हा मेंटल त गोळी चोरते! सायबाले सांगा, याची घरच्यांशी मुलाखत बंद करा!"

हरिसिंग टेबलाकडे वळला. "नका सांगू, माय," तो जुबैदा सिस्टरना हात जोडून म्हणाला. "रविवारी माई पोरगी गंगी येऊन राह्यली भेटाले. तिची सोयरीक जमली हाये. बराकीत म्हणते का हे गोळी खाल्ली का पागलात नाव जाते. बापाले पागल म्हटलं त पोरीची सोयरीक राह्यते काय?"

बोलताना तो चोरून बाबूसिंगकडे बघत होता. का ते मला तेव्हा कळलं. बाबूसिंगही तांड्यातलाच, त्याच गोतातला. त्याच्या तोंडून एक शब्द निघाला तर तो संध्याकाळपर्यंत व्याह्याच्या ओट्यावर पोचणार. हरिसिंग मिशीला भीत नव्हता, मिशीखालच्या तोंडाला भीत होता.

बाबूसिंग पुढं आला. आता हा याला ओढत साहेबांकडे नेणार, असं वाटून माझी साखळी खुळखुळली. पण त्यानं खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि सिस्टरच्या हातात दिलं.

"वाचा सिस्टर. मोठ्यानं वाचा."

सिस्टरनी नाव वाचलं. तीच गोळी होती.

"दोन सालापासून खाऊन राह्यलो, भिया," बाबूसिंग म्हणाला. भिया म्हणजे भाऊ. तुरुंगात त्यानं ही हाक कोणाला मारलेली मी ऐकली नव्हती. "माया ड्युटीत बराकीतला एक पोरगा मेला. तवापासून डोया मिटला का तोच दिसे. हात असे कापत का कुलपात चाबी जात नसे. आता झोपतो. मी पागल हाये काय? बोल!"

त्याच्या तोंडावर 'हो' म्हणायची कोणाची छाती? पण बोलताना तोही पुन्हा पुन्हा दाराकडे बघत होता. ही गोष्ट वर कळली तर त्याची बंदुकीची ड्युटी जाऊ शकत होती, आणि तांड्यात कळली तर त्याच्याही घरी बोट दाखवलं गेलं असतं. सगळ्यांना भिववणारा माणूस स्वतः इतका भ्यालेला मी प्रथमच पाहिला.

"माया पोरीचं लगन झालं मांगच्या साली," तो हळू आवाजात म्हणाला. "व्याह्यानं गोळ्या नाई मोजल्या."

सिस्टरनी नवी गोळी दिली. हरिसिंगनं मला दोन्ही हातांनी धरलं. कंठ वरखाली झाला आणि गोळी उतरली. साहेबांपर्यंत गोष्ट गेली नाही, कारण शामच गप्प बसला. दुसऱ्या दिवशी रांग संपल्यावर तो एकटाच आला, इकडंतिकडं पाहिलं आणि सिस्टरना म्हणाला, "सिस्टर, मले बी झोप नाई येत. डॉक्टर कवा येते?"

रविवारी गंगी आली. मुलाखतीच्या जाळीपाशी मी कधी गेलो नाही, साखळी तितकी लांब नाही. पण तिथं काय झालं ते बाबूसिंगनं येऊन सिस्टरना सांगितलं. हरिसिंगनं पोरीला स्वतःच सगळं सांगितलं, अगदी गोळीचं नावसुद्धा. पोरगी थोडा वेळ रडली. मग म्हणाली, "बा, सासर मले दुसरं भेटन. बाप दुसरा कुठून आणू?"

सोयरीक टिकेल की नाही, ते मला ठाऊक नाही. अजून निरोप आलेला नाही, आणि त्याचीही मला धास्ती आहे. मित्रांनो, मला घासा किंवा नका घासू, माझं काही म्हणणं नाही. पण तुमच्या आसपास कोणी म्हणालं, 'माझा जीव घाबरतो', तर हसू नका. तो कैदी असो की शिपाई, आधी त्याला पाणी द्या, जवळ बसा आणि मग त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जा.